पुळ्याच्या पुढचं जयगड

गणपतीपुळ्याच्या पुढे रस्ता संपतो, असा पुण्यामुंबईच्या बहुतेक गाड्यांचा समज असावा. देवदर्शन झालं, समुद्रात पाय बुडवून झाले, मोदकांची थाळी झाली, आंबापोळी आणि कोकम आगळाच्या बाटल्या डिकीत गेल्या, की गाडीचं तोंड परत निवळी फाट्याकडे. आणखी वीसेक किलोमीटर उत्तरेला सरकलं की जयगड आहे, असं सांगून पाहा. "तिकडे काय, ती कंपनी ना?" एवढंच उत्तर येतं. पर्यटनाच्या जाहिरातींतही जयगड आलंच तर एका बुरुजापुरतं येतं, आणि तो फोटो अशा कोनातून काढलेला असतो की मागची धुराडी नि क्रेन चौकटीत येऊ नयेत.

मला जयगड आवडतं ते त्या चौकटीबाहेरच्या ऐवजासकट. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गेली चारशे-साडेचारशे वर्षं गलबतं, मचवे, आगबोटी आणि आता अजस्र मालवाहू जहाजं नांगर टाकत आली आहेत. कोकणातली किती बंदरं गाळानं भरली, किती नुसती नावाला उरली. खुद्द याच नदीवरचं संगमेश्वर एके काळी जलमार्गावरची नावाजलेली पेठ होती. आज तिथे गलबत पोचेल अशी कल्पनाही कुणी करत नाही. नदीच्या मुखाशी मात्र कामकाज थांबलेलं नाही.

या खेपेला बरोबर आत्या होती. तिचं माहेर म्हणजे आमचं मूळ घर, वाटद-खंडाळ्याच्या अंगाला. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. रत्नागिरीहून निघताना मी आरे-वारेच्या सागरी रस्त्याचा मोह बोलून दाखवला, तर म्हणाली, "समुद्र पळून नाही जात. निवळीवरून घे, जाकादेवीला चहा पिऊ." डिसेंबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्यांना मोहोर धरू लागला होता आणि दर थोड्या अंतरानं फवारणीच्या पंपाची घरघर ऐकू येत होती. या रस्त्यावर बंदराकडून येणाऱ्या-जाणाऱ्या अवजड ट्रकांची वर्दळ असते. गाडी चालवणाऱ्यानं निसर्ग बघू नये, ते काम शेजारच्याकडे द्यावं.

जाकादेवीच्या जवळ देऊडचा सडा आहे. जांभ्या दगडाचं हे उघडंबोडकं पठार पावसाळ्यानंतर फुलांनी भरतं आणि डिसेंबरात वाळक्या गवताचं होतं. इथे कातळात कोरलेली चित्रं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं गेल्या काही वर्षांत गाजली. त्यांतल्या उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू अशा काही जागा 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. देऊडच्या चित्रांत एकशिंगी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठला? पण कोरणाऱ्यानं तो पाहिलेला असणार, ऐकीव माहितीवर एवढी नेमकी रेघ येत नाही. हजारो वर्षांपूर्वी हा माणूस या सड्यावर वाकून दगड टोकरत होता, आणि आपण त्याच्या शेजारी मोबाइलला रेंज शोधत उभे असतो. आत्या गाडीतूनच म्हणाली, "आम्ही लहानपणी इथनं गुरं हाकायचो. कुणी सांगितलं नाही हे गेंड्याचं." खरं आहे. अशी चित्रं गावच्या गुराख्यांना ठाऊक असायची, कुणी त्यांना पांडवांची म्हणायचं, कुणी देवाची. अभ्यासकांनी त्याच माणसांना विचारत विचारत ती नकाशावर आणली.

चाफ्याला डावीकडे गणपतीपुळ्याचा रस्ता फुटतो. तो सोडून आम्ही खंडाळ्याच्या बाजारातून सरळ जयगडला गेलो.

किल्ला फार उंचावर नाही. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, त्यामुळे आत्यालाही आत येता आलं. जमिनीच्या बाजूनं कातळ फोडून काढलेला खंदक आहे आणि त्यावर जांभ्याची तटबंदी. बाकीच्या बाजूंना खाडी आणि समुद्र. किल्ल्याचे दोन भाग आहेत: वर मुख्य किल्ला, आणि खाली खाडीच्या काठापर्यंत उतरत गेलेला पडकोट. बहुतेक मंडळी वरचा भाग बघून परततात. पडकोटाकडे उतरल्याशिवाय हा किल्ला कशासाठी बांधला ते कळत नाही. नदीत शिरणारं प्रत्येक तारू इथून हाकेच्या अंतरावर येतं.

किल्ला विजापूरकरांनी सोळाव्या शतकात बांधला. मग तो संगमेश्वरच्या नाइकाच्या हाती पडला. गॅझेटिअरवाल्या इंग्रजांनी या नाइकाला चाचा ठरवून टाकलं आहे. त्यांच्या हिशेबी समुद्रावर जकात घेणारा प्रत्येक देशी माणूस चाचाच. पण त्याच गॅझेटिअरात नोंद आहे की सात-आठ गावं आणि सहाशेच्या आसपास माणसं एवढ्या बळावर तो इतका डोईजड झाला होता की 1583 आणि 1585 साली पोर्तुगीज आणि विजापूरकर यांना हात मिळवून त्याच्यावर चालून यावं लागलं. एकमेकांचे हाडवैरी एकत्र आले म्हणजे नाइकाचा उपद्रव केवढा असेल! मला या माणसाविषयी आणखी वाचायला आवडलं असतं. शिवकालाआधीचं कोकण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलं जातं. 1713 च्या सुमारास किल्ला कान्होजी आंग्र्यांकडे आला, पुढे पेशव्यांकडे गेला आणि जून 1818 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात. आत जी पडकी, छप्पर गेलेली इमारत आहे तिला लोक कान्होजींचा वाडा म्हणतात. गणपतीचं देऊळ आहे, विहिरी आहेत.

आणि जयबाचं स्थान आहे. तट बांधला की ढासळायचा, कुणाचा तरी बळी दिल्याशिवाय तो टिकणार नाही असं ठरलं, तेव्हा महार समाजातला जयबा नावाचा तरुण आपणहून पुढे आला आणि त्याच्यावर तट उभा राहिला, अशी कथा सांगतात. किल्ल्याचं नावही त्याच्याशी जोडतात. आत्यानं हात जोडले. तिथून निघाल्यावर म्हणाली, "आपणहून कोण येतो रे मरायला? आणि हे यायचं नेहमी गरिबाच्याच वाट्याला कसं?" महाराष्ट्रातल्या बऱ्याच किल्ल्यांना आणि पुलांना अशा कथा चिकटलेल्या आहेत, आणि त्या सगळ्यांत बळी जाणारा 'आपणहून' गेलेला असतो. कथा कुणी रचल्या हे त्यातून उघड होतं. तरीही इथे आलात तर वाड्याचे फोटो काढायच्या आधी जयबापुढे थांबा. किल्ल्याच्या मालकांची यादी लांबलचक आहे, तो बांधणाऱ्यांपैकी नाव उरलंय ते याचंच.

बुरुजावरून उत्तरेला खाडीपलीकडे तवसाळची टेकडी दिसते. तिथे विजयगड होता. आता खंदक आणि थोडेफार अवशेष उरलेत. या दोघांमध्ये खाडीचं मुख येतं. आत्यानं पाण्याकडे बोट केलं. "तिथे बोट उभी राहायची." तिच्या लेखी बोट म्हणजे एकच, मुंबईची. भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णै, दाभोळ करत जयगड, मग रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असं पुढे जाणारी. आधी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या, मग चौगुल्यांच्या आल्या. मोठी बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि हलत्या पडावातून हलत्या शिडीवर पाय टाकायचा. ट्रंका, वळकट्या, फणस, कोंबड्या, बाळंतीण आणि तिचं पोर, सगळं तसंच वर चढायचं. "मला बोट लागायची," आत्या म्हणाली, "हर्णैपर्यंत लिंबू हुंगत बसायचे. पण एसटीपेक्षा बरी. डेकवर पाय पसरून झोपता यायचं." 'रामदास' 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली, तेव्हापासून आजोबा पावसाचा पहिला ढग दिसला की कुणाला बोटीनं जाऊ देत नसत. तशाही या कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंदच असायच्या. रस्ते झाले, एसटी गावोगाव गेली, आणि 1980 चं दशक संपेपर्यंत ही बोट कायमची बंद पडली.

किल्ल्यापासून जवळच टोकावर दीपगृह आहे, 1932 साली उभारलेलं, ओतीव लोखंडाचं. संध्याकाळी ठरावीक वेळात थोडं शुल्क घेऊन वर सोडतात. आत्या खाली पारिजातकाच्या पारावर बसली आणि मी गोल जिना चढलो. वरून जे दिसतं ते कोकणात दुसरीकडे एका नजरेत मिळत नाही. पश्चिमेला उघडा समुद्र, उजव्या हाताला खाडी आणि तिच्यातल्या मच्छीमार होड्या, आणि धामणखोलच्या उपसागरात जेएसडब्ल्यूचं बंदर: लाटारोधक बांध, धक्का, माल उतरवणाऱ्या क्रेन आणि त्यांच्या पायथ्याशी ठेंगणी दिसणारी माणसं. 2009 साली हे बंदर सुरू झालं. केपसाइझ म्हणतात ती प्रचंड जहाजंसुद्धा लागू शकतील एवढं खोल पाणी इथे आहे. मागे औष्णिक वीज प्रकल्प: तीनशे मेगावॉटचे चार संच, एकूण बाराशे मेगावॉट, परदेशी कोळशावर चालणारा.

इथे पोचल्यावर सुशिक्षित पर्यटकानं हळहळायचं असतं. 'काय सुंदर किनारा होता, वाट लावली.' मी हळहळीत निम्माच सहभागी होतो. निम्मा होतो, कारण प्रश्न खरे आहेत. वीज प्रकल्प येणार म्हटल्यावर हापूसच्या बागायतदारांनी कोर्टापर्यंत धाव घेतली, आंब्यावरच्या परिणामांचा अभ्यास कोकण कृषी विद्यापीठाकडे सोपवला गेला, आणि गावात आजही या विषयावर दोन माणसांची तीन मतं आहेत. ज्याचा मुलगा बंदरात कामाला लागला त्याचं एक, ज्याचा मोहोर काळा पडतो त्याचं दुसरं, आणि ज्याच्या घरात दोन्ही आहे तो बोलत नाही. मच्छीमाराला जाळं टाकायची जागा कमी झाली, ही तक्रारही खोटी नाही. जयगडहून डिंगणीपर्यंत लोहमार्ग टाकून बंदर कोकण रेल्वेला जोडायचं ठरलं होतं. तो मार्ग झाला असता तर निदान रस्त्यावरच्या ट्रकांचा भार हलका झाला असता. तो झाला नाही.

पण 'नजर खराब झाली' ही जी पर्यटकी तक्रार आहे, ती मला पटत नाही. हीच आपली मंडळी सिंगापूरला उंच गच्चीवर तिकीट काढून चढतात आणि समुद्रात ताटकळणाऱ्या शेकडो जहाजांचे फोटो पाठवतात. इस्तंबूलला बॉस्फरसच्या फेरीत बसून शेजारून जाणारा तेलवाहू टँकर डोळे भरून बघतात. तिथे तो आधुनिकतेचा देखावा, आणि जयगडला मात्र ओरखडा? कोकणानं फक्त नारळ, चिरेबंदी घर आणि मोकळा किनारा दाखवावा, बाकी कामधंदा आपल्या नजरेआड करावा, ही अपेक्षा सुट्टीवर आलेल्या माणसाची आहे. बंदर बघायला आलो तर जहाज दिसणारच. प्रदूषणाचा हिशेब जरूर मागावा, रोज मागावा. देखाव्याचा मागू नये.

आणि खाडीचा जुना उपयोग संपलेला नाही. अरबी समुद्रात वादळ उठलं की गुजरातपासून दक्षिणेपर्यंतच्या मच्छीमार नौका आसऱ्याला जयगडच्या खाडीत शिरतात. अशा वेळी खाडीत पाणी कमी आणि होड्या जास्त दिसतात म्हणे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत याच होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा पाण्यात उतरतात.

जवळच नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे. गणपतीपुळ्याची गर्दी सोसणाऱ्या प्रत्येकाला मी इथे पाठवतो. समुद्रावर झुकलेल्या कड्याच्या टोकाशी शंकराचं साधं, कौलारू, जुन्या घराच्या घडणीचं देऊळ. बाजूनं पायऱ्या उतरत थेट लाटांपर्यंत जातात आणि तिथे गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा पडतो. खाऱ्या पाण्यापासून काही हातांवर गोडं पाणी! सड्यावर पडलेलं पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपत खाली उतरतं आणि खालच्या घट्ट थराशी अडलं की कड्याच्या कुशीतून बाहेर पडतं. कोकणातल्या कितीतरी झऱ्यांचं गणित हेच. गणित कळल्यानं ओंजळीतल्या पाण्याची चव बदलत नाही. मी आत्यासाठी बाटली भरून वर नेली. ती तिनं डोळ्यांना लावली आणि मग विचारलं, "जेवायचं कुठे?"

जेवलो जयगडमध्येच, एका घरगुती खानावळीत. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, तळलेली सुरमई, सोलकढी. समोर खाडी होती आणि ताटात तिच्यातलीच कमाई. आत्यानं सुरमईला नाक मुरडलं. तिच्या मते ती शहरी लोकांची मासळी, खरी चव बांगड्याला. खानावळवाल्या ताईंनी तिची बाजू घेतली आणि न मागता एक बांगडा तिच्या ताटात वाढला.

जयगडात कंपनीनं बांधलेलं जय विनायक मंदिरही आहे. हिरवळ, फुलझाडं, चकचकीत फरशी, संध्याकाळचे दिवे. सहलीच्या बसगाड्या तिथे आवर्जून थांबतात. स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे. मला कऱ्हाटेश्वर पुरला.

मुक्काम झाल्यावर परतीला आम्ही आलेल्या वाटेनं गेलो नाही. जयगडच्या धक्क्यावरून तवसाळला फेरीबोट जाते. इकडे तिला जंगलजेट्टीही म्हणतात. दाभोळ-धोपावे मार्गावर 2003 साली अशी गाड्या नेणारी फेरी सुरू झाली, आणि तिच्यामागून इथे. ही नसेल तर पलीकडे दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात जायला खाडीच्या आत राई-भातगावच्या पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. बोटीवरचा पोरगा हातवारे करत गाड्या लावत होता. "घ्या दादा, घ्या, अजून घ्या... बस्स!" आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर एक टेम्पो, त्यात नारळाची रोपं. दुचाकीवर शाळेच्या बाई, एक नवरा-नवरी आणि त्यांची वरात आटोपून थकलेली करवली, औषधाची पिशवी छातीशी धरलेले एक आजोबा. पर्यटक फक्त आम्हीच. ही सगळी मंडळी रोजच्या कामासाठी जिल्ह्यातली एक खाडी ओलांडत होती, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

ते आजोबा तवसाळचे. आत्याला म्हणाले, "कुटं चाल्लाव?" हेदवीला, बामणघळ बघायला, असं सांगितल्यावर त्यांनी बोटं मोजली. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचाराच्या मेळात पोचा, मंग पाणी बगा कसं उडतंय ता." कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची ही जुनी रीत: तिथीला पाऊणनं गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण चंद्र आणि पाणी यांचा हिशेब आहे तो, चुकत नाही. हेदवीला आम्ही साडेचारच्या आत पोचलो. खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत लाट घुसली आणि पाण्याचा खांब सरळ वर गेला. आत्या भिजली आणि खूश झाली.

हे फेरीबोटीचं चित्र फार वर्षं राहणार नाही. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आता खाडीपुलांसकट आखला गेला आहे, आणि त्या पुलांत जयगडचाही आहे. पूल व्हायलाच हवा. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला पलीकडे नेताना शेवटची फेरी गेलेली असते, तेव्हा निसर्गरम्यता कामाला येत नाही. दुसरीकडे समुद्रमार्गही पुन्हा चर्चेत आहे: मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गला गाड्यांसकट नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा 2025 साली झाली. आत्याला हे सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "त्या बोटीत पाय पसरता येतील का?"

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा, आणि जयगडला तासाभराचा थांबा न देता एक रात्र द्या. सकाळी किल्ला आणि पडकोट, दुपारी कऱ्हाटेश्वर, संध्याकाळी दीपगृह, आणि दुसऱ्या दिवशी गाडी बोटीवर घालून तवसाळमार्गे हेदवी-वेळणेश्वर. उलट्या वाटेनं आलात तर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक चुकवू नका. आधुनिक मराठी कविता ज्याच्यापासून मोजतात तो कवी 1866 साली त्याच गावात जन्मला. कातळशिल्पांवर बूट घालून चढू नका, आणि दुसऱ्या कुणाला चढू देऊ नका. फेरीच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्या धक्क्यावरच विचारून घ्या. शेवटची चुकली तर राई-भातगावचा वळसा आहेच, आणि त्या रस्त्याला रात्री चहाची टपरीही उघडी नसते.